अर्थसंकल्पात आधी कोणाचं पान वाढायचं, सामाजिक न्यायाचं की आर्थिक स्वावलंबनाचं?

वजाबाकी:
पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापतात, फेब्रुवारीत ३००. का, ते आमच्या ऑफिसात कोणालाच ठाऊक नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर रोजगार हमीची कामं निघाली, त्यांच्यासाठी १९७५ साली हा कर बसला. शहरातल्या पगारदाराने खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी भरायची, सरळ हिशेब. केंद्राचा अर्थसंकल्पही असाच बांधा. सामाजिक न्यायाचा खर्च आधी, त्याला जोडलेला कर, मग बाकीचं. "उरलं तर देऊ" बंद.

घरखर्च:
पान वाढा हो, पण तांदूळ उसने आहेत त्याचं काय? २०२५-२६ च्या अंदाजात केंद्राचा खर्च ५०.६५ लाख कोटी, त्यात १२.७६ लाख कोटी नुसतं व्याज. रुपयातले चार आणे वाढण्याआधीच गेले. १९९१ ला देशाचं सोनं गहाण पडलं, तेव्हा आर्थिक स्वावलंबन कुठे होतं?

वजाबाकी:
ते संकट परकीय चलनाचं होतं. आजचं कर्ज बहुतेक रुपयातलं, देशातल्याच बँका आणि विमा कंपन्यांचं. आणि २०१९ मध्ये कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, सरकारच्याच अंदाजाने वर्षाला १.४५ लाख कोटी सोडले. तेव्हा तूट कोणाला आठवली नाही.

घरखर्च:
मला आठवली होती. तेव्हाही बोंबललो होतो, इथे कोणी ऐकलं नाही. बाकी कर्ज रुपयातलं असलं तरी व्याज करातूनच जातं, आणि पेट्रोलवरचा कर खडी फोडणारीही भरते.

गवंड्याची बहीण:
तुमचं चालू द्या. अनुसूचित जातींसाठीच्या तरतुदीचं वेगळं विवरणपत्र केंद्राच्या अर्थसंकल्पात असतं, त्यात युरियाच्या अनुदानाचा हिस्साही धरलेला दिसतो. ज्याला जमीनच नाही त्याने युरिया कुठे टाकायचा? जोडलेल्या कराचं म्हणाल, तर बांधकाम कामगारांसाठी १९९६ पासून उपकर आहे. हजारो कोटी पडून राहिले, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले. माझ्या भावाला त्या पैशातली मदत मिळायला लागणाऱ्या नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा होता. ठेकेदार म्हणाला, "सही केली तर उद्या माझ्याकडेच हिशेब मागतील." तीन खेपा झाल्या, तिन्ही दिवसांची मजुरी बुडाली.

वजाबाकी:
मान्य. म्हणून नुसता निधी नको, हक्क हवा. रोजगार हमीत काम मागितलं की १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता.

गवंड्याची बहीण:
भत्ता मिळालेला माणूस पाहिलाय तुम्ही?