न लागणारे कपडे मित्रमैत्रिणींना, शेजाऱ्यांना देताना विचारायचं कसं?

सुईदोरा:
कपाट आवरून तीन ढीग झालेत. मोठ्यांचे शर्ट, पँट, जॅकेटं. बाळाचे जन्मापासून दोन वर्षांपर्यंतचे कपडे. आणि दोनतीन भारी कपडे, जे भेट म्हणून आलेले आहेत. सगळे वापरण्याजोगे आहेत. ओळखीतल्यांना द्यायचे तर कसं विचारावं, म्हणजे कमीपणाही वाटणार नाही आणि 'नको' म्हणणंही जड जाणार नाही? आणि धुणं-इस्त्री सोडून आणखी काय बघून द्यावं?

काजबटण:
पिशवी घेऊन दारात जाऊ नका. समोर माणूस पिशवी घेऊन उभा असताना 'नको' कुणाच्याच तोंडून निघत नाही. मेसेज करा, तोही एकेकाला स्वतंत्र, ग्रुपवर नाव घेऊन नाही. मजकूर साधारण असा: "निळं जॅकेट आणि दोन शर्ट मी आता वापरत नाही. फोटो आणि मापं सोबत आहेत. हवे असतील तर रविवारपर्यंत कळव, नाहीतर मी दुसऱ्या कुणाला देईन." त्या शेवटच्या वाक्यामुळे गप्प राहिलं तरी नकार पोचतो, कारणं शोधावी लागत नाहीत.

दोन गोष्टी लिहू नका. "मला सैल होतं, तुला बरोबर बसेल" हे कितीही सहज म्हटलं तरी तो अंगावरचा शेरा होतो. दुसरी म्हणजे किंमत. 'बरंच महागाचं होतं' म्हटलं की उपकार चढला.

मापासाठी लेबलवर विसंबू नका. एका कंपनीचा एम दुसरीच्या एलएवढा असतो. शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट केलं की छातीचा घेर मिळतो. घेर अंगाच्या मापाहून ८ ते १० सेंमी जास्त असला की हात मोकळे हलतात. म्हणजे छाती ९६ सेंमी असेल तर सपाट माप ५२-५३ हवं. पँटची कंबर आणि आतल्या शिवणीची लांबी द्या. शिवणीत माया (आत सोडलेलं जादा कापड) असेल तर तेही लिहा, सैल करून घेता येते. मापं धुऊन वाळल्यावर घ्यायची, कारण सुती आणि लोकरी कपडे आटतात.

उसवण:
बघायचं काय ते सांगते. कपडा उजेडासमोर धरा. पँटची बैठक, मांड्यांच्या आतली बाजू आणि कोपर इथे कापड आधी विरतं, आणि घडीत ते कळत नाही. नवीन माणूस घालून वाकला की टर्रकन फाटणार.

पांढरे कपडे कपाटातून काढले तसेच देऊ नका. ठेवताना स्वच्छ दिसलेल्या कॉलरवर, काखेत काही महिन्यांनी पिवळे डाग उमटतात, कारण धुण्यात पूर्ण न निघालेलं अंगाचं तेल हवेनं पिवळं पडत जातं. इलॅस्टिक ताणून कानाजवळ धरा. करकरलं तर आतलं रबर संपलंय.

नकली चामड्याचं जॅकेट असेल तर जास्तच सावध. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणानं आपोआप विघटतो, जॅकेट एकदाही घातलेलं नसलं तरी. हाताला चिकट लागलं की समजावं, दोनचार वापरांत पापुद्रे निघून आतल्या शर्टाला चिकटणार. ते कुणालाच देऊ नका.

तुटलेलं बटण, उसवलेली दुमड देण्याआधी स्वतः नीट करा. 'एवढंसं शिवून घे' म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात. चेन बिघडली असेल आणि बदलायची नसेल, तर मेसेजमध्येच सांगा. शेवटचं धुणं बिनवासाच्या साबणानं. सुगंधी सॉफ्टनर कित्येकांना सोसत नाही, आणि वासामुळे कपडा आपला वाटत नाही.

अंतर्वस्त्रं, मोजे फक्त न उघडलेल्या पाकिटातले. (हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.)

दुपटं:
बाळाच्या ढिगात एक धोका आहे. कपडे डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले असतील तर तान्ह्या बाळासाठी देऊच नका. पुष्कळ गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्या वाफेनं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाळात आहे हे आईवडिलांना बहुतेक वेळा आधी ठाऊकही नसतं.

टोपीच्या, गळ्याच्या नाड्या काढून टाका. प्रत्येक बटण आणि टिकली जोर लावून ओढून बघा. हाती आलं तर ते बाळाच्या तोंडात जाणारच होतं.

वयाबरोबर ऋतूही जुळवा. ९ ते १२ महिन्यांचा जाड स्वेटर ते बाळ ऐन उन्हाळ्यात त्या वयाचं होणार असेल तर निरुपयोगी. आणि परत हवेत का ते देतानाच स्पष्ट करा. बाळाच्या कपड्यांवरून गैरसमज सगळ्यात जास्त होतात. परत हवं असेल ते वेगळ्या पिशवीत, यादी करून. पण डाग पडले तरी चालतील अशी तयारी असेल तरच.

ठिगळ:
काजबटण यांचं बाकी सगळं पटलं, फोटोचं नाही. रोज भेटणाऱ्या शेजाऱ्यांना फोटो आणि मापं पाठवली की दुकान मांडल्यासारखं वाटतं. त्यांना तोंडी विचारा, फक्त कपडा हातात नसताना.

भेट आलेले कपडे, ज्यानं भेट दिली त्याच्या ओळखीतल्या कुणालाही देऊ नका, मग तो कितीही जवळचा असो. भरतकाम करून घेतलेलं नाव, चिठ्ठी, किमतीची पट्टी तपासा.

कामाला येणाऱ्यांना देताना आणखी जपावं. मालकाला नाही म्हणणं त्यांना परवडत नाही, म्हणून आधी विचारा, निवडू द्या, आणि पगारात किंवा बक्षिसात त्याचा हिशेब धरू नका.

सुईदोरा:
खूप उपयोगी. दिल्यावर पुढे काय? आणि घेणाऱ्यानं काही परत द्यावं का?

काजबटण:
'घातलास का?' विचारायचं नाही, आणि अंगावर दिसला तर चारचौघांत 'हा माझाच' म्हणायचं नाही. दिला म्हणजे त्यांनी तो उसवून फडकी केली तरी त्यांचा. परतफेड लागत नाही. घेणाऱ्यानं आठवड्याभरात घालून बघावं आणि "दोन ठेवले, एक बसत नाही, पुढे दिला तर चालेल ना?" एवढं कळवावं. एका वेळी चारपाचच द्या. आणि पिशवी परत मागू नका.