ट्रम्पेटचा मधला पिस्टन वर येताना अडकतो: दोष नेमका कोठे शोधावा?

बोरीकाठ (पारोळा)

नमस्कार. मी पारोळा तालुक्यातील एका बँडपथकात बी-फ्लॅट ट्रम्पेट वाजवतो. सध्याचे वाद्य गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त वादकाकडून जुनेच विकत घेतले आहे. त्याचा मधला, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा पिस्टन (बटणाखालील नळकांडे) दाबल्यावर खाली व्यवस्थित जातो, परंतु वर येताना अर्ध्यावर थबकतो, आणि कधी कधी तर बटण बोटाने वर ओढावे लागते. पहिला आणि तिसरा पिस्टनही पहाटेच्या थंडीत जड चालतात. मात्र थोडा वेळ वाजवले की ते दोन्ही मोकळे होतात, मधला होत नाही.

आधीचे वादक पिस्टनला खोबरेल तेल आणि स्लाइडना (बाहेर ओढता येणाऱ्या नळ्यांना) व्हॅसलीन लावत असत. मी शिलाई मशीनचे तेल घातले, तेव्हा तेवढ्यापुरता फरक पडला. पथकातील एक ज्येष्ठ सहकारी पिस्टनवर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवण्यास सांगतात, तर दुसरे म्हणतात की स्प्रिंग कमजोर झाली असेल, ती ताणून बसवावी. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास लग्नांची एकच गर्दी उडते आणि तेव्हा वाद्य दुरुस्तीला टाकता येत नाही. म्हणून काहीही घासण्यापूर्वी किंवा ताणण्यापूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

गिरणाथडी (भडगाव)

पॉलिश पेपरचा विचार कृपया मनातून पूर्णपणे काढून टाकावा. पिस्टन आणि त्याचे केसिंग, म्हणजे तो ज्या नळीत खालीवर सरकतो ती नळी, यांच्यामधील फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. एवढ्या फटीत तेलाचा पातळ थर राहावा आणि हवा मात्र निसटू नये, यासाठी प्रत्येक पिस्टन त्याच्याच केसिंगमध्ये घासून जुळवलेला असतो. कागदाने पिस्टनचे अंग उतरले की ते परत येत नाही. मग नव्याने मुलामा चढवून पुन्हा जुळवणी करणे एवढाच मार्ग उरतो, आणि त्याचा खर्च या वाद्याच्या किमतीशी मेळ खाणारा नसेल. पितळेला चमक आणणारे पॉलिश, दंतमंजन, टूथपेस्ट हे सर्व त्याच जातीचे पदार्थ आहेत. बाहेरून वाद्य चमकवताना लावलेले पॉलिशसुद्धा टोपणाच्या आट्यांतून आत जाते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. तिन्ही पिस्टन आपसांत बदलून पाहण्याचा मोहही टाळावा. त्यांच्यावर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, ते याच कारणासाठी.

आता तेलाविषयी. खोबरेल तेल साधारणपणे २४-२५ अंशांच्या खाली गोठू लागते. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा फटीतील ते तेल घट्ट होणारच. श्वासाच्या उबेने ते वितळते आणि पिस्टन मोकळे होतात. आपल्या पहिल्या आणि तिसऱ्या पिस्टनचे लक्षण याच्याशी तंतोतंत जुळते. हे तेल उन्हाळ्यात चांगले चालल्यासारखे वाटते, म्हणून ते अनेक पथकांत टिकून आहे. पण वापरता वापरता त्याचा चिकट थर साचत जातो. त्यावर शिलाई मशीनचे तेल घातले की तो थर काही काळ सैल होतो, एवढेच. शिवाय ते तेल पिस्टनसाठी जाडच पडते. व्हॅसलीनचे म्हणाल तर मे महिन्यात पेटी उन्हात राहिली की ते पातळ होऊन स्लाइडमधून पिस्टनकडे उतरते.

म्हणून आधी वाद्य पूर्ण धुवावे. पिस्टन बाहेर काढून स्प्रिंग, गाइड (पिस्टनला गोल फिरू न देणारी छोटी खीळ) आणि फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) चकत्या कोणत्या पिस्टनच्या आहेत ते लिहून वेगळ्या ठेवाव्यात. स्लाइड काढताना त्या-त्या क्रमांकाचा पिस्टन दाबून ठेवावा, म्हणजे आत पोकळी निर्माण होऊन ओढाताण होत नाही. पिस्टन बाहेर आल्यावर वाद्य कोमट पाण्यात, भांडी धुण्याच्या सौम्य द्रव साबणासह काही वेळ बुडवून ठेवावे. कढत पाणी वापरू नये, त्याने लॅकर, म्हणजे पितळेवरचा पारदर्शक लेप, सुटते. मुखनळीपासून सर्व नळ्यांतून लांब लवचीक ब्रश फिरवावा; त्या ब्रशच्या टोकाची तार उघडी नसल्याची खात्री करून घ्यावी. केसिंगमधून मऊ सुती कापड ओढावे. जुने मलमलीचे धोतर यासाठी उत्तम, कारण त्याचे तंतू सुटत नाहीत.

आपल्या भागातील बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. ते पिस्टनवर वाळू देऊ नये, पुसून काढावे. आधीच पांढुरके डाग धरले असतील तर पांढरे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून पिस्टन त्यात काही मिनिटेच ठेवावा आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवावा. सर्व कोरडे झाल्यावर ट्रम्पेटसाठी मिळणारे व्हॉल्व्ह ऑइल लावावे. यापुढे एकच प्रकारचे तेल वापरावे.

सातपुडा (शहादा)

थंडीत जड चालतात आणि वाजवल्यावर मोकळे होतात, याचा संबंध धातूच्या आकुंचन-प्रसरणाशी नसेल का? मे महिन्यात आमच्याकडे वराती दुपारच्या उन्हात निघतात आणि त्या वेळीही पिस्टन अडकतात. तेव्हा वाद्य हाताला चटका बसेल इतके तापलेले असते.

पितळकाम (धुळे)

मी पितळी वाद्ये दुरुस्त करतो. शहाद्याच्या मित्रांचा प्रश्न पुष्कळ वादक विचारतात, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

केसिंग पितळेचे असते. चांगल्या वाद्यांतील पिस्टन बहुधा मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे असतात. पितळ दर अंशाला लांबीच्या दशलक्षांश मापात सुमारे १९ भाग वाढते, मोनेल सुमारे १४ भाग. म्हणजे दोन्ही सारखे तापले तर बाहेरची नळी आतल्या पिस्टनपेक्षा अधिक फैलावते आणि फट किंचित वाढते. पिस्टनचा व्यास १७ मिलिमीटरच्या आसपास धरला, तर ३० अंशांच्या वाढीने पडणारा फरक मिलिमीटरच्या हजारांश भागांत, दोन-तीन इतकाच येतो. पिस्टन निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेचा असेल तर तेवढाही पडत नाही. थंडीत एक गोष्ट मात्र उलट घडते: श्वासाची ऊब आतल्या पिस्टनला आधी मिळते आणि बाहेरचे केसिंग अजून गारच असते, त्यामुळे फट क्षणभर घटते. सूर न काढता नुसता श्वास हळूहळू आत फुंकून वाद्य थोडे उबवले की हा प्रश्न राहत नाही. मे महिन्यात पिस्टन अडकतात ते उन्हाने तेल उडून गेल्यामुळे आणि वरातीतील धुळीमुळे. वाजवताना मधूनमधून घेतलेले सरबत आणि तोंडातील पान-तंबाखू हे आणखी एक कारण आहे. श्वासाबरोबर आलेले हे सर्व मुख्य नळीतून आधी तिसऱ्या पिस्टनवर पोहोचते, कारण हवेचा मार्ग तिसऱ्यातून शिरून पहिल्यातून कर्ण्याकडे जातो. त्यामुळे नुसत्या घाणीचा दोष असेल तर साधारणपणे तिसरा पिस्टन आधी तक्रार करतो.

पारोळ्याच्या वादकबंधूंचे वाद्य तसे वागत नाही, म्हणूनच मला शंका येते. तिन्हींपैकी मधलाच हट्टाने अडकतो, आणि मधल्या पिस्टनची स्लाइड वाद्याच्या कुशीतून आडवी बाहेर आलेली असते. वाद्य पडले, किंवा त्या कुशीवर टेकवून ठेवले, तर सारा धक्का तीच नळी केसिंगपर्यंत पोहोचवते. केसिंग डोळ्यांना दिसणार नाही इतके दबले तरी पिस्टनला ते पुरते. वाद्य जमिनीवर किंवा टेबलावर ठेवताना दुसरी स्लाइड नेहमी वरच्या बाजूला असावी, हे शिकवणारे बँडमास्तर आता कमी झाले आहेत.

भडगावच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे वाद्य धुवून, ताजे तेल घालून पुढील तपासण्या कराव्यात. धुण्यापूर्वी केल्यास घाण आणि वाक हे दोन्ही दोष एकमेकांत मिसळून काहीच कळणार नाही.

प्रथम वरचे टोपण सोडून ते थोडे उचलून धरावे आणि पिस्टन दाबून पाहावा. अडकणे थांबले तर दोष वरच्या दांडीत आहे: बटणावर मार बसून दांडी वाकली असेल आणि टोपणाच्या छिद्राला घासत असेल, किंवा फेल्टची चकती फुगली असेल. मग टोपण पुन्हा बसवून खालचे टोपण सैल करावे. तेवढ्याने पिस्टन मोकळा झाला तर टोपण जास्त आवळले गेले असेल, किंवा केसिंगचे खालचे तोंड दबले असेल. त्या टोपणातील छिद्र काडीने साफ करून घ्यावे. ते बुजले की खालची हवा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पिस्टन उशीवर दाबल्यासारखा मंद चालतो. डाव्या हाताची पकड सैल करून वाजवून पाहणेही विसरू नये. काही वादक केसिंगांचा जुडगा इतका घट्ट आवळतात की पातळ पत्र्याच्या वाद्यात तेवढ्यानेही फरक पडतो.

सर्वांत उपयोगी तपासणी ही आहे. स्प्रिंग काढून पिस्टन उलटा धरावा आणि त्याचा तळ पुढे ठेवून केसिंगच्या वरच्या नव्हे, खालच्या तोंडातून वर अलगद सरकवावा. जोर मुळीच लावू नये. या रीतीने गाइड बहुतेक वेळ बाहेर राहते, त्यामुळे पिस्टन आतल्या आत फिरवताही येतो. तो ज्या खोलीवर अडतो तेथे थांबून थोडा फिरवावा. कोणत्याही कोनात त्याच खोलीवर अडत असेल, तर केसिंग दबलेले आहे. अडण्याची जागा पिस्टनबरोबर सरकत असेल, तर पिस्टनच वाकलेला आहे. दोन्ही प्रकारांत दोष घरच्या घरी दूर होत नाही, परंतु तो कोठे आहे हे समजल्यावर कारागिराशी बोलणे सोपे जाते.

स्प्रिंगचा सल्ला मी शेवटी ठेवतो. ताणलेली स्प्रिंग अडकणाऱ्या पिस्टनला काही काळ जबरदस्तीने वर ढकलेल. दोष झाकला जाईल आणि बोटांवरचा भार वाढेल. शंका असल्यास तिन्ही स्प्रिंगा शेजारी उभ्या करून उंची पाहावी. दुसरी ठळकपणे आखूड असेल तरच ती बदलावी.

तापीतीर (भुसावळ)

एक पुरवणी. काही पथकांत पिस्टनला रॉकेल लावण्याची जुनी पद्धत आहे. ते पातळ असल्याने पिस्टन लगेच धावतो, पण लवकर वाळतो, आणि तोंडाशी धरण्याच्या वाद्यात त्याचा वास व वाफ सहन करण्यात काही अर्थ नाही. वरातीत मशाली किंवा फटाके असतात, हेही ध्यानात घ्यावे.

बोरीकाठ (पारोळा)

सर्वांचे मनापासून आभार. वाद्य धुतल्यावर नळ्यांतून हिरवट-तपकिरी गाळ निघाला, आणि मुख्य नळीच्या वाकापाशी तर तो बोटाने खरवडता येईल इतका होता. पिस्टन पुसून व्हॉल्व्ह ऑइल घातल्यावर पहिला आणि तिसरा पहाटेच्या गारव्यातही हलके चालू लागले आहेत. मधल्याच्या चालीत थोडा फरक पडला, पण अडकणे राहिलेच.

धुळ्याच्या काकांनी सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली. वरचे टोपण उचलून किंवा खालचे सैल करून काहीच बदलले नाही. तिन्ही स्प्रिंगांची उंची सारखीच आहे. पिस्टन उलटा घातल्यावर मात्र तो ठरावीक खोलीवरच अडतो आणि कसाही फिरवला तरी तेथेच अडतो. बाहेरून पाहिले तर ती जागा दुसऱ्या स्लाइडची नळी केसिंगला जेथे जोडली आहे नेमकी तेथेच येते. त्या स्लाइडच्या वाकावर पूर्वी कधीतरी बसलेली उथळ पोचही दिसली. आमच्या गावाजवळ वाद्यांचा कारागीर नाही. ओळखीचा एक लेथवाला जळगावच्या एमआयडीसीत आहे. तो पिस्टन किंचित उतरवून देण्यास तयार आहे. हे काम त्याच्याकडून करून घेणे योग्य होईल का?

पितळकाम (धुळे)

लेथवर अजिबात नेऊ नये. आपल्या तपासणीनुसार पिस्टन निर्दोष आहे आणि वाकले आहे ते केसिंग. निर्दोष भागाचे अंग उतरवून वाकड्या भागाशी जुळवले, तर पिस्टन दबलेल्या जागी कदाचित मोकळा होईल, पण उरलेल्या सर्व उंचीत ढिला पडेल आणि हवा गळेल. लेथवाला कितीही कुशल असला तरी त्याने काम चुकीच्या भागावर केलेले असेल.

हे काम पितळी वाद्यांच्या कारागिराकडेच द्यावे. जळगाव, धुळे, मालेगाव भागात बँडवाल्यांकडे चौकशी केल्यास असे कारागीर सापडतात. त्याच्याकडे केसिंगच्या मापाचा पोलादी गोल दांडा आहे का, हे आधी विचारावे. तो दांडा आत घालून दबलेली जागा आतून बाहेर आणतात. स्लाइडच्या जोडावर अजून ताण असेल तर तो जोड तापवून सोडावा आणि ताण न ठेवता पुन्हा झाळावा लागतो. हे न करता नुसती पोच काढली तर काही दिवसांनी केसिंग पुन्हा ओढले जाते. घासून जुळवणी करायचीच झाली तर ती सर्वांत शेवटी, अगदी थोडी, आणि त्यानंतर घासणीची पूड धुवून काढून. कारागीर सुरुवातच घासण्याच्या लेपाने करू लागला, तर वाद्य परत घेऊन यावे.

वाद्य ताब्यात घेताना पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. स्प्रिंग काढून, तेल लावलेला पिस्टन केसिंगमध्ये सोडावा. तो स्वतःच्या वजनाने न थबकता खाली गेला पाहिजे. मग सर्व काही जागेवर बसवून पिस्टन न दाबता दुसरी स्लाइड ओढावी. एरवी असे करू नये, पण येथे एकदा करणे आवश्यक आहे. ती सुटताना टपकन आवाज आला तर फट अजूनही हवा न गळण्याइतकी घट्ट आहे, म्हणजे काम नीट झाले आहे, असे समजावे. पहिल्या आणि तिसऱ्या स्लाइडचा आवाजही त्याच वेळी ऐकून घ्यावा. दुसरीचा त्यांच्यापेक्षा फारच मंद वाटला, तर कारागिराने केसिंग सरळ करण्याऐवजी पिस्टन उतरवला आहे का, हे तेथेच स्पष्ट विचारावे.