मदत हवी आहे : कोड रिट्रीटमध्ये जोड्या कशा लावायच्या?

नमस्कार मंडळी, पुण्यात एका शनिवारी दिवसभराचं कोड रिट्रीट, म्हणजे प्रोग्रामरांचं एकत्र सरावाचं शिबिर, घ्यायचं ठरतंय. प्रॉब्लेम नेहमीचाच, गणितज्ञ कॉनवेचं १९७० सालचं गेम ऑफ लाइफ (चौकटींतल्या पेशी ठरलेल्या नियमांनी जगतात-मरतात, तो खेळ). ४५ मिनिटांची फेरी, जोडीनं कोड, आधी टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड), वेळ संपली की सगळं डिलीट. डिलीटवरून कुरकुर होणारच, ते मी बघून घेईन. खरी अडचण जोड्यांची. अर्धी मंडळी नुकती कॉलेजातून आलेली, अर्धी जावा भाषेत मुरलेली. सीनियर कीबोर्ड सोडत नाहीत आणि ज्युनियर नुसते ‘हो सर’ म्हणत बसतात. एकानं टेस्ट लिहायची, दुसऱ्यानं ती पास करून पुढची लिहायची, हे पिंग-पाँग पुरतं का? की सीनियरला न येणारी भाषा घ्यावी, एलिक्सिर वगैरे? मग सेटअपमध्येच फेरी संपायची! कुणी घेतलं असेल तर सांगा, पहिल्या फेरीला जोड्या कशा लावल्यात?