मृगातील एनजीसी २०२२: बिंबाभ्रिका ठिपक्यासारखीच का दिसते?

फोंड्याचा नवखा

नमस्कार. फोंड्याजवळच्या आमच्या घराच्या गच्चीवरून मी गेले दोन हिवाळे आकाशाची छायाचित्रे घेतो आहे. मृगातील मोठा तेजोमेघ बऱ्यापैकी साधल्यावर या जानेवारीत मी एनजीसी २०२२ ही बिंबाभ्रिका, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूचे कवच (प्लॅनेटरी नेब्युला), निवडली. मृगशीर्षातील ठळक तारका आणि काक्षी (बीटलज्यूस) यांना जोडणाऱ्या रेषेवर, मृगशीर्षापासून साधारण एकतृतीयांश अंतरावर ती आहे. दुर्बीण ८ इंची न्यूटोनियन असून तिचे नाभीय अंतर १००० मिलिमीटर आहे. कॅमेरा जुना, कोणताही बदल न केलेला डीएसएलआर असून त्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा आहे. गाइडिंग, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची दिशा सतत सुधारणारी यंत्रणा, लावून मी तीन-तीन मिनिटांच्या ४० फ्रेम घेतल्या. त्या एकत्र केल्यावर निळसर-हिरवा, फुगलेल्या ताऱ्यासारखा ठिपका मिळाला. इतरांच्या छायाचित्रांत दिसणारे लंबवर्तुळाकार कडे मात्र कुठेच नाही. वस्तू अंधुक आहे म्हणून ओ-थ्री फिल्टर (ऑक्सिजनचा हिरवट प्रकाश तेवढा आत सोडणारी काच) विकत घ्यावा, की सामान घेऊन दक्षिण गोव्यातील नेत्रावळीच्या अंधारात जावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सत्तरीचा निशाचर

फिल्टरचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. आधी थोडे गणित करू. पिक्सेलच्या मायक्रॉनमधील मापाला २०६ ने गुणून नाभीय अंतराच्या मिलिमीटरने भागले, की एका पिक्सेलमध्ये आकाशाच्या किती विकला, म्हणजे आर्कसेकंद, मावतात ते कळते. तुमच्या जोडणीत हा आकडा सुमारे ०.८९ येतो. बिंबाभ्रिकेचा ठळक भाग जेमतेम २८ विकलांचा आहे, म्हणजे हजारो पिक्सेल रुंदीच्या चित्रात तिच्या वाट्याला तीसेक पिक्सेल येतात. तीन मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये हवेची थरथर आणि गाइडिंगची चूक मिळून प्रत्येक तारा तीन-चार विकलांचा झाला असेल, तर त्या तीस पिक्सेलांतून आठ-दहाच खरे ठिपके उरतात आणि कडे आतल्या पोकळीत विरघळून जाते.

म्हणून २× बार्लो, म्हणजे नाभीय अंतर दुप्पट करणारे भिंग, लावा. मग प्रत्येक पिक्सेलला सुमारे ०.४४ विकला येतील. एक्सपोजर दहा-पंधरा सेकंदांवर आणा, पाच-सहाशे फ्रेम घ्या आणि त्यांतील तारे सर्वांत बारीक असलेल्या निम्म्याच ठेवा. सिरिल या छायाचित्रे जुळवण्याच्या प्रोग्राममध्ये ही निवड ताऱ्यांच्या रुंदीवरून करता येते आणि तो मोफत आहे. डीएसएलआरचा रीड नॉइज, म्हणजे प्रत्येक फ्रेम वाचताना कॅमेरा स्वतः मिसळतो तो गोंगाट, मोठा असल्याने एक-दोन सेकंदांपर्यंत उतरू नका, नाहीतर गोंगाटच साठेल.

काणकोणकर

निशाचरांशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त ‘अंधुक’ या शब्दाबद्दल थोडे लिहितो, कारण सारा घोळ तिथेच होतो. बाराव्या प्रतीच्या आसपासचा प्रकाश इतक्या लहान जागेत कोंडलेला असल्यामुळे या बिंबाभ्रिकेची पृष्ठीय तेजस्विता, म्हणजे आकाशाच्या तेवढ्याच तुकड्यामागची चमक, मुळीच कमी नाही. ती साधारणपणे लहान गावाच्या आकाशाइतकी भरते. म्हणजे फोंड्याच्या उजेडातही ती टिकते. याउलट शौरी तारकासमूहातील एबल ३९ पाहा. ती जवळजवळ तीन कलांवर (एक कला म्हणजे ६० विकला) पसरलेली असून प्रत्येक चौरस विकलेमागे शंभर पटींहून अधिक मंद आहे. तिथे नेत्रावळीही हवी, ओ-थ्री फिल्टरही हवा, आणि पावसाळ्याआधीच्या एप्रिल-मेमध्ये कित्येक रात्रींचा धीरही हवा.

बदल न केलेल्या डीएसएलआरचीही इथे अडचण नाही. या वस्तूचा मुख्य प्रकाश दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटर रेषेचा आहे. ती हिरव्या आणि निळ्या अशा दोन्ही पिक्सेलांवर पडते, म्हणजे दर चार पिक्सेलांपैकी तीन (दोन हिरवे, एक निळा) कामाला लागतात. कॅमेऱ्याचा मूळ फिल्टर कापतो तो हायड्रोजनचा तांबडा प्रकाश. (१८६४ साली विल्यम हगिन्स यांना एका बिंबाभ्रिकेच्या वर्णपटात ही रेषा दिसली तेव्हा ती अज्ञात मूलद्रव्याची मानली गेली. ती ऑक्सिजनचीच आहे हे १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवले.)

पेडण्याचा दुर्बीणवाला

मला शंका गच्चीची येते. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो आणि ती हवा दुर्बिणीच्या तोंडासमोरूनच वर जाते. शक्य असल्यास सामान अंगणात, गवतावर मांडा. या वस्तूसाठी गोव्यासारखी सोयीची जागा विरळाच, कारण ती आपल्याकडे ८३ अंशांपर्यंत चढते. जानेवारीच्या मध्यास रात्री साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास ती याम्योत्तरावर, म्हणजे सर्वांत उंच, असते, तेव्हाचे तास वाया घालवू नका.

दुर्बिणीच्या फिरत्या बैठकीच्या अक्षाची ध्रुवताऱ्याशी जुळवणी कशी केलीत? आपल्याकडे तो क्षितिजापासून पंधरा-सोळा अंशच वर असतो आणि बहुतेकांच्या अंगणात तो माडांच्या शेंड्यांआडच राहतो. ध्रुव न पाहता तीन ठिकाणची छायाचित्रे घेऊन जुळवणी करण्याची सोय नीना या दुर्बीण-कॅमेरा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या एका प्लगइनमध्ये आहे. गाइडिंगची चूकही पिक्सेलांत न सांगता विकलांत सांगा. बार्लो लावण्याआधी कोलिमेशन, म्हणजे दुर्बिणीच्या आरशांची एका रेषेतील जुळणी, तपासा, नाहीतर तोच दोष दुप्पट मोठा दिसेल. दहानंतर दव पडू लागते तेव्हा खालचा मोठा आरसा सहसा कोरडा राहतो, पण दुय्यम आरसा आणि गाइडस्कोपची (गाइडिंगसाठीच्या छोट्या दुर्बिणीची) काच धुरकटते आणि गाइडचा तारा हरवतो.

फोंड्याचा नवखा

सर्वांचे आभार. गाइडिंगची एकूण चूक १.९ विकला निघाली, आणि मी ती आजवर पिक्सेलांत वाचून समाधान मानत होतो. काल सामान अंगणात मांडले, कोलिमेशन नीट केले आणि बार्लो लावून १५ सेकंदांच्या ५२० फ्रेम घेतल्या. त्यांपैकी २४० ठेवल्या. कडे दिसते आहे, एका बाजूला किंचित ठळक, आणि मधला भाग स्पष्टपणे काळसर आहे. बाहेरचे फिकट आवरण मात्र आले नाही.

काणकोणकर

ते या १५ सेकंदांच्या फ्रेममधून सहज येणार नाही. बार्लो काढून तीन मिनिटांचा वेगळा संच घ्या आणि आतला भाग कालच्या चित्रातून त्यावर बसवा. तुमच्या पहिल्या ४० फ्रेम पुसल्या नसतील, तर सुरुवात त्यांच्यापासूनच करून पाहा.