आधी समज ठरवायची आणि मग पाठ आखायचा, म्हणजे नक्की काय करायचं?

चोडणची टीचर

नमस्कार. गोव्यात चोडण बेटावर मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, दोन्ही मिळून अकरा मुलं.

परवा परिसर अभ्यासात गावची शेती शिकवली. आमच्याकडे शेती म्हणजे खाजन. मांडवी नदीच्या खाऱ्या पाण्याला अडवणारा मातीचा बांध, आत भात, आणि आतलं पाणी बाहेर सोडायला बांधात मानस, म्हणजे फळ्यांचं दार. मी चार दिवस मुलांकडून त्याची प्रतिकृती करून घेतली. थर्माकोल, निळा कागद, आइस्क्रीमच्या काड्यांची मानस, कापसाचे बगळे. पालक बघायला आले, सगळ्यांना आवडली. मुलं घरी जायला तयार नव्हती, इतकी रमली होती.

पाचव्या दिवशी सहज विचारलं, "भरती आली की मानशीचं दार आपोआप बंद होतं ना? ते कसं?" वर्ग गप्प. मग एकजण म्हणाला, "टीचर, तें फेविकॉलान चिकटयलां."

तो खरंच सांगत होता. आमच्या प्रतिकृतीत दार चिकटवलेलंच होतं. या मुलांचे बाप-काका ओहोटीला मानशीवर जाळं लावतात, रोज ती मानस ओलांडून मुलं शाळेत येतात, आणि चार दिवस माझ्यापाशी बसून त्यांना ती कळली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

टाचणवही, म्हणजे पाठ आखायची वही, काढून पाहिली. उद्दिष्ट: विद्यार्थी खाजन शेतीची माहिती सांगतात. उपक्रम: प्रतिकृती. मूल्यमापन: मानस म्हणजे काय? या शेवटच्या प्रश्नाला अकराही मुलांनी बरोबर उत्तर लिहिलंय.

प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की मुलाला शेवटी काय समजायला हवं तिथून सुरुवात करा. पण उद्दिष्टाचा रकाना आम्ही आधीच भरतो. 2017 च्या अध्ययन निष्पत्तींची, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं त्याची, यादीही समोर असते. मग यात वेगळं काय? कोणी स्वतः केलेलं असेल तर सांगा.

माशेलचे निवृत्त सर

बाई, तुम्ही पाचव्या दिवशी जो प्रश्न विचारलात तो पहिल्या दिवशी वहीत लिहायचा. वेगळं आहे ते एवढंच, पण ते केलं की सगळा पाठ बदलतो.

या पद्धतीची मांडणी अमेरिकेतल्या ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी 1998 मध्ये केली. त्याआधी 1949 मध्ये राल्फ टायलर यांनीही हेच म्हटलं होतं, की आधी हेतू ठरवा, मग अनुभव निवडा. विगिन्स-मॅकटाय यांनी मधे एक पायरी ठामपणे बसवली. पहिली पायरी, काय समजायला हवं. दुसरी, ते समजलं हे मला कशावरून कळेल. तिसरी, आता शिकवायचं कसं. आपण सगळे पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारतो आणि दुसरी परीक्षेच्या आदल्या दिवशी, प्रश्नपत्रिका काढताना आठवते. मी एकतीस वर्षांतली पहिली वीस तसंच केलं.

तुमचं उद्दिष्ट पाहा: "माहिती सांगतात". माहिती म्हणजे काय काय? बांध, भात, बगळे, सगळंच त्यात बसतं. म्हणून प्रतिकृतीही बसली. आता त्या जागी एक पूर्ण वाक्य लिहू: नदीचं पाणी चढलं की त्याच्या दाबाने मानशीच्या फळ्या चौकटीवर दाबून बसतात, उतरलं की आतलं पाणी त्याच फळ्या बाहेर ढकलतं, आणि माणसाने हे दार असं एकाच बाजूला उघडणारं केलं म्हणून खाऱ्या नदीकाठी भात पिकतो. हे लिहिलंत की थर्माकोल तुमचा तुम्हीच बाजूला ठेवाल, कारण त्यात पाणी नाही. पाणी नसेल तर मानस समजणार कशी?

मग दुसरी पायरी. "मानस म्हणजे काय" याचं उत्तर पाठ करता येतं. त्याऐवजी मुलाने न ऐकलेली गोष्ट समोर ठेवा. रात्री एक ओंडका वाहत आला आणि मानशीच्या फळीत अडकला. फळी उघडीच राहिली. मोठी भरती आली. सकाळी शेतात काय दिसेल? पावसाळा लागल्यावर त्या शेताचं काय? याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. ज्याला कळलं तोच देईल.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. उत्तर कोणत्या भाषेत घेणार तेही आधीच ठरवा. आपली मुलं घरी कोंकणी बोलतात. मानस समजली की नाही हे बघायचं असेल तर कोंकणीत सांगू दे, हाताने दाखवू दे, चित्र काढू दे. मराठीत पाच वाक्यं लिहिता येणं ही वेगळी समज, तिचा पाठ वेगळा. मी दोन्ही एकत्र मोजत राहिलो आणि माझ्या वर्गातल्या कितीतरी हुशार पोरांना कच्चं म्हणून शेरे मारले. ते शेरे आजही आठवतात.

पेडण्याहून

सरांचं पटतं, पण माझ्याकडे चारही इयत्ता आहेत आणि मी एकटी. अभ्यासक्रम पुरा व्हायला हवा, वही तपासायला येतात तेव्हा रकाने भरलेले लागतात. प्रत्येक पाठाला असं बसून विचार करणं जमेल का? मला तरी जमलं नसतं.

माशेलचे निवृत्त सर

प्रत्येक पाठाला नका करू. वर्षातले चार-पाच घटक निवडा, जे मुलाला जन्मभर उपयोगी पडतील. बाकीचे नेहमीसारखे घ्या. रकाने तेच राहतात, फक्त मूल्यमापनाचा रकाना उपक्रमाच्या आधी भरायचा. तपासायला येणाऱ्यांनी मला यावर कधी हरकत घेतली नाही. अभ्यासक्रम पुरा होणं म्हणजे आपण शेवटच्या पानापर्यंत पोचणं. मुलं कुठवर आली ते बघितल्याशिवाय मला तो पुरा वाटत नाही.

म्हापशाची गणितवाली

एक भर घालते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मानशीवर जाळं लावणाऱ्या घरातल्या मुलांना हे ऐकून माहीत असतं. चौथीत वेळेची बेरीज शिकवताना मी शेवटचा प्रश्न आधी ठरवला: आज भरती सकाळी 10 वाजून 40 मिनिटांनी, तर परवा किती वाजता? तास-मिनिटांचा हातचा साठावर येतो, शंभरावर नाही, हे त्या एका प्रश्नात उघडं पडतं. बरोबर उत्तर 12 वाजून 20. 11 वाजून 40 लिहिणाऱ्याने दोनदा पन्नास म्हणजे शंभर मिनिटांचा एक तास धरला, हे लगेच दिसतं.

चोडणची टीचर

सर, सगळ्यांचे आभार. आज करून बघितलं म्हणून लिहिते.

प्लास्टिकचं टब घेतलं, मधे चिकणमातीचा बांध. बांधात एक खिडकी ठेवली आणि तिच्यावर नदीच्या बाजूने जुन्या एक्स-रे फिल्मचा तुकडा वरून टांगला. बाकी काही नाही. नदीच्या बाजूला मगाने पाणी ओतलं, फिल्म खिडकीवर चपकन बसली. ते पाणी काढून आत ओतलं, फिल्म उचलली गेली. मुलांनी दहा-बारा वेळा करायला लावलं. मी काहीच समजावलं नाही. तिसरीची मुलंसुद्धा आपली वही सोडून येऊन बसली.

मग ओंडक्याची गोष्ट सांगितली. ज्याने फेविकॉल म्हटलं होतं तो लिहिण्यात खूप मागे आहे, त्याची उत्तरपत्रिका नेहमी अर्धी कोरी. तो उठला, फिल्मखाली पेन्सिल अडकवली, पाणी ओतलं आणि म्हणाला, "पळय टीचर, खारें उदक भितर सरलें. आतां शीत ना." (बघ टीचर, खारं पाणी आत शिरलं, आता भात नाही.) मी विचारलं, मग परत भात कधी? पावसाचं पाणी मीठ धुऊन काढतं, हे त्याला आजीकडून माहीत होतं. पण तो तिथे थांबला नाही, मलाच विचारलं, "मीठ वचपाक कितले पावस जाय?" म्हणजे मीठ जायला किती पाऊस लागतात?

मला सांगता आलं नाही. सोमवारी त्याची आजी वर्गात येणार आहे, तिलाच विचारायचं ठरलंय.