उत्तर: आंबोलीला रेनफॉरेस्ट म्हणायचं का?
वर कुणीतरी विचारलंय की आंबोलीत एवढा बदाबदा पाऊस पडतो मग ते रेनफॉरेस्ट का नाही. अहो नुसता आकडा बघून नाही चालत, अ‍ॅमेझॉनमधल्या मनौसला वर्षाला साधारण २३०० मिमी पडतो, आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त, पण तिकडे बारा महिने थोडा थोडा चालूच असतो आणि आपल्याकडे चार महिन्यांत सगळा कोसळून पुढे मे पर्यंत ठणठणाट. म्हणून इकडचं बरंचसं जंगल निमसदाहरित, म्हणजे काही झाडं कोरड्या दिवसांत पानं गाळतात. दक्षिणेला केरळात सायलेंट व्हॅलीकडे कोरडे महिने कमी, तिथे हा शब्द शोभतो. आणि रेनफॉरेस्ट म्हणजे उष्णच असंही नाही हं, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात होह नावाचं चक्क थंड हवेतलं आहे.

शब्द तसा नवाच, शिंपर नावाच्या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये रूढ केला, मराठीत वर्षावन त्यावरूनच.

बाकी रेनफॉरेस्ट आणि इंग्रजीतलं ‘जंगल’ (म्हणजे झाडाझुडपांची दाट गर्दी) एकच समजू नका. जुन्या वर्षावनात खाली उजेडच पोचत नाही त्यामुळे झुडपं कमी, आरामात चालता येतं. गंमत म्हणजे जंगल हा शब्द ज्यावरून आला त्या संस्कृतातल्या जांगलचा अर्थ कोरडा, विरळ झाडांचा प्रदेश, आयुर्वेदात अजून त्याच अर्थाने येतो. पार उलटंच झालं की!