मदत हवी आहे: भजनाच्या कॅसेटींच्या सीडी काढायच्या आहेत, वेगवान सीडी रायटर घ्यावा का?

मलप्रभाकाठ

नमस्कार. माझे सासरे गेल्या कार्तिकात गेले. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळात ते चाळीसेक वर्षं पखवाज वाजवायचे. १९८८ पासून टेपरेकॉर्डर देवळातल्या खांबाशी ठेवून एकादशीचं भजन टेप करायची त्यांना सवय. त्या कॅसेटी परवा मोजल्या, ३४ भरल्या. काही ठिकाणी मराठी अभंग संपतो न संपतो तोच शेजारच्या गावाहून आलेली मंडळी कन्नड तत्त्वपद (त्यांच्याकडचं अध्यात्माचं पद) उचलतात आणि मामांचा पखवाज ताल न सोडता त्यांच्यामागं जातो. असं भजन आता आमच्याकडं क्वचितच होतं. म्हणून हे जपायचं असं मी आणि यांनी ठरवलं आहे.

त्यातल्या चार चांगल्या कॅसेटी निवडल्या. मंडळातली पंधरा घरं, प्रत्येकी चार, म्हणजे ६० सीडी वर्षश्राद्धाला द्यायच्या आहेत. कॅसेटी संगणकात ऑडेसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या प्रोग्रॅमवर घेऊन झाल्या, तो भाग जमला. अडलं आहे ते सीडी काढताना.

घरचा संगणक २०१२ साली जोडून घेतलेला आहे, विंडोज १०. त्यात स्वतःचा रायटर नाही. बाहेरून यूएसबीला लावायचा पातळ डीव्हीडी रायटर आहे, त्यावर सीडीसाठी कमाल वेग २४ एक्स. पुढच्या यूएसबी पोर्टला एक्स्टेंशन वायर लावून तो टेबलावर घेते. कमाल वेगानं २५ सीडी मारल्या. आमच्या संगणकावर सगळ्या वाजतात. पण मंडळातल्या जुन्या सीडी प्लेयरवर सात सीडी शेवटच्या दहा-बारा मिनिटांत अडकतात, कट्‌कट्‌ आवाज येतो. सुरुवातीला कुठंच काही होत नाही.

बेळगावात एका दुकानात विचारलं तर म्हणाले, तुमचा रायटर हळू आहे, फास्ट घ्या. त्यांनी दोन दाखवले. एक जुना सीडी रायटर, वर ५२/३२/५२ लिहिलेलं, रुंद पट्टीच्या केबलचा, सोबत यूएसबीचा कन्व्हर्टर देतो म्हणाले. दुसरा कुठल्याशा ऑफिसच्या संगणकातून काढलेला साटा (बारीक केबलचा, संगणकाच्या आत बसणारा) डीव्हीडी रायटर, सीडी ४८ एक्सनं मारतो म्हणे. माझ्यासमोर त्यावर एक डीव्हीडी मारूनही दाखवली.

वेगवान रायटरनं सीडी जास्त चांगली निघते का? आणि घ्यायचाच झाला तर दुकानात उभ्या उभ्या तो पारखायचा कसा?

निपाणकर

ताई, आधी त्या आकड्यांचं सांगतो. ५२/३२/५२ म्हणजे सीडी-आर लिहिण्याचा वेग, आरडब्ल्यू म्हणजे पुसून वापरता येणारी सीडी पुन्हा लिहिण्याचा वेग आणि वाचण्याचा वेग, याच क्रमानं. १ एक्स म्हणजे गाणं ऐकायला लागतो तेवढाच वेळ: ८० मिनिटांची सीडी १ एक्सनं मारली तर ८० मिनिटं. मग ५२ एक्सनं दीड मिनिट लागावं असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. या वेगात सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते आणि फेऱ्यांचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच राहतो. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. आतल्या कडेला घेर लहान, त्यामुळं तिथं लिहिण्याचा खरा वेग २२-२३ एक्स असतो. वाढत वाढत तो अगदी बाहेरच्या कडेला ५२ ला टेकतो. तुमच्या तासाभराच्या कॅसेटीची सीडी बाहेरच्या कडेपर्यंत पोचतच नाही, म्हणजे पेटीवरचा ५२ तुम्हाला मिळणारच नाही.

माझ्या हिशेबानं तासाभराच्या सीडीला ५२ वाल्यावर सव्वादोन मिनिटं लागतील, १६ एक्सनं पावणेपाचच्या आत होईल. सीडीमागं अडीच मिनिटं धरा, ६० सीडींना अडीच तास. कामाला वर्षश्राद्धापर्यंत वेळ आहे, तर या अडीच तासांसाठी पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

घाटवाट

एवढं सगळं करण्यापेक्षा पेन ड्राइव्ह द्या ना. पंधरा पेन ड्राइव्ह, एका संध्याकाळचं काम.

मलप्रभाकाठ

दादा, तो विचार आम्ही केला होता. पंधरापैकी अकरा घरांत ऐकणारी माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. मुलांनी पुण्या-मुंबईहून कधीतरी आणून दिलेले सीडी प्लेयर त्यांच्याकडं आहेत, त्यांना यूएसबीचं भोक नाही. सीडी घालायची आणि बटण दाबायचं, एवढं त्यांना येतं, आणि कुणाला न विचारता ऐकता येतं. ते मला मोडायचं नाही. एमपी३ सीडीही त्यातल्या बऱ्याच प्लेयरवर चालत नाही, साधी ऑडिओ सीडीच लागते. मूळ फायली मात्र हार्ड डिस्कवर आणि दोन पेन ड्राइव्हवर ठेवल्या आहेत.

टिळकवाडीकर

मी बरीच वर्षं संगणक दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या सातही सीडी शेवटाकडं अडकतात, यातच अर्धं उत्तर आहे. वर निपाणकरांनी सांगितलं तसं वेग बाहेरच्या कडेला सर्वांत जास्त. तुमचा पातळ रायटरही असाच वाढत वाढत २४ ला जातो. वेग वाढला की लेझरला जास्त शक्ती लागते, मोटर जास्त करंट ओढते. यूएसबी २.० चा पोर्ट नियमानुसार ५०० मिलिअँपिअर देतो. पुढचा पोर्ट कॅबिनेटमधल्या बारीक वायरीवरून येतो, त्यात तुमची एक्स्टेंशन. टोकाला व्होल्टेज पडतं आणि लेझरचा ठसा फिका उमटतो. संगणकाचा ड्राइव्ह तेज असतो, तो फिका ठसाही वाचतो. जुन्या प्लेयरची लेन्स थकलेली, ती तिथं अडखळते. म्हणून पहिलं काम: एक्स्टेंशन काढा, रायटर मागच्या बाजूला थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा आणि वेग १६ एक्स ठेवा. त्याच कोऱ्या सीडींवर पाच मारून बघा. नवीन काही घेण्याआधी हे करा.

वेग अगदी खाली, ४ एक्सवर आणू नका. हळू मारली की चांगली निघते हा समज जुन्या काळच्या सीडींपासून चालत आला आहे. आताच्या कोऱ्या सीडींचा रंगथर मोठ्या वेगासाठी बनवलेला असतो, फार हळू मारली तर चुका उलट वाढलेल्या मी पाहिल्या आहेत. ऑडिओसाठी १६ एक्स हा माझा नेहमीचा आकडा.

आता पारख. सीडी वाचताना सेकंदाला ७३५० फ्रेम, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, येतात. त्यात सरासरी २२० पर्यंत चुका असल्या तरी मानकानुसार सीडी पास धरतात, कारण त्या चुका प्लेयर स्वतः दुरुस्त करतो. या सी१ चुका. पहिल्या पायरीवर दुरुस्त न झालेल्या त्या सी२. नव्या मारलेल्या सीडीवर सी२ शून्यच हवी, आणि सी१ माझ्या मते वीस-तीसच्या आत. काही रायटर हा आकडा सांगतात, लाइट-ऑनचे जुने रायटर त्यासाठी चांगले. बरेच पातळ यूएसबी रायटर तो सांगत नाहीत. मग साधा मार्ग असा: एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम घरगुती वापराला फुकट आहे. त्यात मारलेली सीडी दोनदा वाचायची आणि दोन्ही वेळचा सीआरसी (वाचलेल्या माहितीवरून निघणारा पडताळणीचा आकडा) जुळतो का ते बघायचं. आणि शेवटची कसोटी म्हणून मंडळातला सगळ्यांत कुरकुरणारा प्लेयर घ्या आणि त्यावर शेवटचा ट्रॅक वाजवा. त्यावर वाजली की बाकी ठिकाणी बहुतेक वाजतेच.

दुकानात दाखवलेल्या त्या डीव्हीडी रायटरबद्दल सावध राहा. अशा ड्राइव्हमध्ये सीडीचा लेझर वेगळा असतो, ७८० नॅनोमीटरचा, आणि डीव्हीडीचा वेगळा, ६५० चा. डीव्हीडी मारून दाखवली म्हणजे सीडीचा लेझर धड आहे असं मुळीच ठरत नाही. जाताना स्वतःच्या दोन कोऱ्या सीडी आणि एका तासाचं भजन पेन ड्राइव्हवर न्या. समोर सीडीच मारायला सांगा. सीडी आत गेल्यावर ओळखायला किती वेळ लागतो तेही बघा. चांगला ड्राइव्ह दहा-बारा सेकंदांत ओळखतो, वारंवार चाचपडत असेल तर सोडून द्या.

५२ वाला सीडी रायटर चांगल्या काळातला असेल. पण तुमच्या संगणकाला त्या रुंद केबलची जागा बहुधा नसेल, आणि कन्व्हर्टरसोबत १२ व्होल्टचा वेगळा अॅडॉप्टर लागेलच. तो अॅडॉप्टर हलका असला तर पुन्हा तेच दुखणं.

जांबोटीवाला

ताई, वरच्या दादांनी सगळं बरोबर सांगितलंय. एकच जोडतो. आमच्याकडं पावसाळ्यात लाईटचा काही नेम नसतोय. रायटरला बफर (लिहिण्याआधी साठवून ठेवलेली माहिती) संपला तर सीडी वाया जाऊ नये म्हणून बर्न-प्रूफसारखी सोय २००० सालापासून आली. पण ती फक्त संगणक मागं पडला तर सांभाळून घेते. लाईटच गेली तर ती सीडी गेलीच म्हणायची. यूपीएसवर घ्या, नाहीतर सकाळी लवकर मारा, तेव्हा व्होल्टेज बरं असतंय.

आणि सीडीवर कागदी लेबल चिकटवू नका. एका बाजूला जड झालं की सीडी हलत फिरते, शिवाय आपल्याकडच्या ओलीत कागद फुगतो आणि निघताना वरचा थर घेऊन येतो. सीडीसाठीचा मार्कर मिळतो, त्यानं लिहा. कोऱ्या सीडीही उघड्या ठेवू नका, आमच्या घरी एका पावसाळ्यात अख्खी चळत बुरशीनं गेली.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. टिळकवाडीकर दादा, तुमच्या सांगण्याप्रमाणं एक्स्टेंशन काढून मागच्या पोर्टला लावलं आणि १६ वर पाच सीडी मारल्या. पावणेपाच मिनिटांच्या आतबाहेर एक. आधी २४ ला सव्वाचार लागत होती! म्हणजे मी सीडीमागं अर्धं मिनिट वाचवत होते आणि सात सीडी फेकत होते. पाचही सीडी आमच्या पाटलांच्या घरच्या प्लेयरवर शेवटपर्यंत वाजल्या, आणि त्या प्लेयरचं झाकण हातानं दाबून धरावं लागतं अशी त्याची अवस्था आहे.

शनिवारी बेळगावला जाणं होतंच, म्हणून दुकानातही दोन कोऱ्या सीडी घेऊन गेले. डीव्हीडी रायटरनं कोरी सीडी ओळखायला तीनदा आत-बाहेर करायला लावलं, मग नाद सोडला. ५२ वाल्यावर कमाल वेगानं एक मारली, त्याचा आवाज दुकानाबाहेरही आला असेल. वेळ दोन मिनिटं वीस सेकंद. घरी दोनदा वाचून बघितली तर शेवटच्या दोन ट्रॅकचे सीआरसी जुळेनात. तोच रायटर १६ वर कदाचित उत्तम निघाला असता, पण १६ वरच वापरायचा तर घरचा आहेच. काही न घेता परत आले.

आता रोज पहाटे काकड्याच्या वेळेला उठून दहा-बारा सीडी मारते. एक सीडी लिहून होईपर्यंत आधीची तपासून होते.

आणखी एक विचारते. उरलेल्या ३० कॅसेटींत चौदा कॅसेटी ९० मिनिटांच्या आहेत. ८० च्या सीडीत त्या बसणार नाहीत. ऑडेसिटीत वेग थोडा वाढवून बसवता येईल असं कुणी सुचवलं, पण त्यानं सूर चढेल ना?

टिळकवाडीकर

चढेलच. सूर तसाच ठेवून लांबी कमी करायची सोयही त्यात आहे, पण पखवाजाची थाप तिनं खरखरीत होते. ते करू नका. कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटं, एका सीडीवर एक बाजू घ्या. मामांनी बाजू पालटायला भजन जिथं थांबवलं असेल तिथं थांबा आधीच पडलेला आहे. मारताना डिस्क-अॅट-वन्स (अख्खी सीडी एका दमात लिहायची सोय) निवडा आणि ट्रॅकमधली दोन सेकंदांची जागा शून्य करा, म्हणजे अभंगातून तत्त्वपदात जाताना मध्ये पोकळी पडणार नाही.

मलप्रभाकाठ

बाजू पालटायला ते गजर संपेपर्यंत थांबायचे, हे सासूबाईंनी आत्ताच सांगितलं. मग चौदा कॅसेटींच्या अठ्ठावीस सीडी. कोऱ्या सीडींची आणखी एक चळत मागवते, या वेळी घट्ट झाकणाच्या डब्यातली.